बांधल्या हातांचे कूच

ही हकिकत जशी ऐकली तशीच इथे उतरते आहे, असे खात्रीने सांगता येत नाही. ऐकून फार वर्षे झाली. सांगणारे सखोबा घडशी आज हयात नाहीत, आणि त्या दिवशी घाईने केलेल्या टिपणांची काही पाने पुढे ओल लागून एकमेकांना चिकटली ती सुटलीच नाहीत. त्यामुळे सखोबांचे शब्द कोणते आणि मागाहून मनाने भरलेले कोणते, हे काही ठिकाणी ओळखता येत नाही. घटनांचा क्रम मात्र बरोबर असावा. निदान तसे वाटते.

वेळूगडाच्या पायथ्याला सोनमाळ नावाचे लांबट पठार आहे. एका टोकाला जोगेश्वरीचे देऊळ, दुसऱ्या टोकाला आपट्याची पाच-सहा झाडे. दसऱ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गावचा बँड देवळापासून आपट्यापर्यंत आणि तिथून परत असा वाजत जातो. वाजवतात ती एकच चाल. तिला ‘येसबाचे कूच’ म्हणतात. बँडच्या पुढे चालणाऱ्या माणसाचे दोन्ही हात पाठीमागे तांबड्या रुमालाने बांधलेले असतात. तो काही खूण करत नाही, नुसता चालतो. चाल तीन ओळी चढत जाते, आणि तिसरी ओळ संपली की सगळी वाद्ये एकदम थांबतात. आठ पावले काही वाजत नाही. फक्त चालणाऱ्यांचे पाय ऐकू येतात. नवव्या पावलाला पुन्हा ढोलावर काठी पडते. त्या आठ पावलांत कोणी टाळी वाजवत नाही, बोलत नाही, आया कडेवरच्या पोरांच्या तोंडावर हात ठेवतात.

स्वातंत्र्य मिळाल्यापासून हीच चाल पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावरही वाजते. शाळेने छापलेल्या पुस्तिकेत लिहिले आहे की कंपनी सरकारविरुद्ध उठलेल्या गडकऱ्यांसाठी येसबा शाहिराने हे कूच रचले. बांधलेले हात हे त्या वीरांचे हात, आणि ती शांतता त्यांना मानवंदना. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही हेच सांगितले जाते.

देवळाच्या कट्ट्यावर बसलेले सखोबा मात्र हे ऐकले की खाकरत. “पुस्तकात आहे ते पुस्तकाला लखलाभ,” ते म्हणाले होते. “आमच्या घरात सांगतात ते निराळं आहे. ऐकायचं असंल तर बसा. नसंल तर गडावर जा, वर वारा चांगला लागतो.”

पाहुणे बसले.

शके सतराशे सत्तरच्या आसपासची ही गोष्ट, असे सांगतात. वेळूगड हे तेव्हा लहानसे संस्थान होते. गडाच्या नगारखान्यातली नौबत वाजवण्याचे काम घडशांच्या घराकडे सात पिढ्या होते. येसबा त्या घरातला थोरला. पण त्याचा कान नगाऱ्यात रमला नाही. बाविसाव्या वर्षी नौबत धाकट्या भावाच्या हाती देऊन तो एका नाचाच्या फडाबरोबर निघून गेला, आणि पुढची तीस वर्षे त्याने नाचाच्या चाली बांधल्या. कृष्णेच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत त्याच्या चाली गेल्या. येसबाची चाल कानावर पडली की लंगडा काठी विसरतो, अशी त्या भागात म्हणच होती म्हणे.

त्याची चाल बांधायची एक रीत होती. एकटा बसून त्याला काही सुचत नसे. ठकू नावाची नाचणारी फडात होती. ती पायात घुंगरं बांधून एका जाड फळीवर उभी राही, येसबा पुढ्यात ढोलकी घेऊन बसे, आणि तिच्या पावलातून चाल काढी. प्रत्येक चालीत तिसऱ्या ओळीनंतर तो एक मोकळी जागा ठेवी. तिथे ढोलकी थांबायची, तुणतुणे थांबायचे, झील धरणारे थांबायचे. आठ मात्रा फक्त घुंगरं. ही जागा आली की येसबा उजवा हात वर नेऊन मूठ मिटायचा. मूठ मिटली की सगळे गप्प, उघडली की सगळे सुरू. लोक शिट्ट्या मारायचे ते त्याच आठ मात्रांना. कोणी विचारले तर येसबा सांगे, “ती जागा माझी नाही. ती पायांची.” ठकू म्हणायची, “वस्ताद, तुमची मूठ मिटली की मग माझा जलम सुरू होतो.”

येसबाची बायको लवकर गेली. मुलगा रायाजी फडातच वाढला. नाचाच्या रिंगणाच्या कडेला, ढोलकीच्या शेजारी गोधडीवर झोपायचा. पण मिसरूड फुटल्यावर तो गडावर चुलत्याकडे परतला, आणि त्याने नगारा धरला. बापाचे काम त्याला हलके वाटे. “आमच्या घराण्यानं देवासाठी वाजवलं, गडासाठी वाजवलं,” तो चारचौघांत म्हणायचा, “आबा शिट्ट्यांसाठी वाजवतात.” येसबाच्या कानावर हे गेले होते. त्यानंतर गडावरची सांजेची नौबत सुरू झाली की तो ढोलकी खाली ठेवी आणि संपेपर्यंत उचलत नसे.

मग राजे वारले. गादीवर बसलेले धनी अवघे सात वर्षांचे. कंपनी सरकारने आपला माणूस कारभारी म्हणून नेमला. अप्पाजीपंत त्यांचे नाव. पंतांनी हुकूम काढला की गडावरचा पिढीजात पहारा आजपासून बंद, गडकऱ्यांनी किल्ल्या खाली आणून द्याव्यात आणि चालते व्हावे. गडकऱ्यांनी किल्ल्या दिल्या नाहीत, उलट दरवाजा लावून घेतला. अकरा दिवस रायाजीने वरून सकाळ-संध्याकाळ नगारा वाजवला, आणि गावाला कळत राहिले की गड अजून आहे. बाराव्या दिवशी सकाळी नगारा वाजला नाही. पंतांची नवी पलटण मागच्या बाजूने चढली होती. एकवीस गडकरी बेड्या घालून खाली आणले. त्यांत रायाजी होता.

घटस्थापनेच्या दिवशी पंतांनी येसबाला सदरेवर बोलावले.

“पलटणीला इंग्रजी बाजा आहे,” पंत म्हणाले. “ढोल आहेत, बिगूल आहेत, बासऱ्या आहेत. वाजवतात मात्र कंपनीचीच चाल. दसऱ्याला साहेब येणार आहेत. आपल्या संस्थानाचं स्वतःचं कूच हवं. तुझ्याइतकी चाल कोणाला बांधता येत नाही असं ऐकतो.”

“मी नाचाचा माणूस, पंत.”

“पायानं चालायचं आणि पायानं नाचायचं, फरक तो काय? नऊ दिवस आहेत. चाल दे, पोराच्या पायातली बेडी काढतो. दसऱ्याच्या संध्याकाळी घरी घेऊन जा.”

“आणि बाकीचे वीस?”

“तुझा मुलगा एक आहे ना? मग एकाचंच विचार.”

पलटणीच्या मागून त्या एकवीस जणांना सोनमाळावरून चालवायचे आणि दुसऱ्या दिवशी बंदराकडे रवाना करायचे, असा बेत होता. तिथून बोटीने समुद्रापार. तिकडून कोणी परत आल्याचे कोणाला माहीत नव्हते.

इथे सखोबा थांबले होते, हे नक्की आठवते. “हो म्हणाला,” ते म्हणाले. “आमच्या घरात हे लपवत नाहीत. हो म्हणाला आणि घरी येऊन जेवला.”

दुसऱ्या दिवशी तो मुलाला भेटायला गेला. जुन्या पागेत कैदी ठेवले होते. रायाजी भिंतीला टेकून बसला होता. बापाला पाहून उठला नाही.

“चाल बांधताय म्हणं.”

“बांधतोय.”

“कोणासाठी?”

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी असंल तर मग माझ्याच अंगावर कशी वाजणार ती?” आजूबाजूचे हसले. रायाजी मात्र हसला नाही. “काय करणार, आबा? पलटणीला गिरक्या शिकवणार? का सायबाच्या पुढ्यात मुजरा?”

येसबाने बेडीविषयी सांगायला तोंड उघडले, पण वीस माणसे ऐकत होती. एकट्याची बेडी निघणार हे त्या वीस जणांसमोर कसे सांगायचे? भाकरीचे फडके खाली ठेवून तो बाहेर आला.

ठकूने तोवर नाच सोडला होता. गुडघे धरले होते, केस पिकले होते. घुंगरांची पेटी माळ्यावर गेली होती. येसबाने ती खाली काढायला सांगितली तेव्हा ती भडकली.

“गडकऱ्यांच्या छातीवरून जायच्या चालीला मी पाय देऊ? जोगेश्वरी जाब विचारंल मला.”

“रायाजीच्या पायातली बेडी निघती, ठकू.”

तिने पदर खोचला. मग शिडी लावली. “माझ्या मांडीवर झोपलेलं पोर हाय ते,” घुंगरं बांधता बांधता ती म्हणाली. “नाहीतर तुमच्या तोंडावर फेकली असती ही.”

नवी चाल सुचली नाही. चार दिवस सुचली नाही. शेवटी येसबाने आपलीच एक जुनी चाल घेतली. रायाजी लहान असताना रोज कानावर पडायची ती. तिची लय पावलाला बसेल इतकी सरळ केली, मुरडी काढून टाकल्या, बिगुलाला झेपेल असा उठाव दिला. तिसऱ्या ओळीनंतरची मोकळी जागा तशीच राहिली. ती काढायची असते हे त्याच्या मनातच आले नाही. तीस वर्षांत त्याने त्या जागेवाचून एकही चाल बांधली नव्हती. विहिरीला पाणी असते तशी चालीला ती जागा असते, एवढेच त्याला ठाऊक.

बाजाचा हवालदार दौलत नावाचा होता. रांगडा, विनोदी गडी. त्याला ही जागा उमजेना.

“वस्ताद, हितं आम्ही काय वाजवायचं?”

“काही नाही. इथं पाय.”

“पाय तर सगळीकडंच हायेत की आमचे. हितंच काय त्येंचं कौतिक?”

“म्हणून एकदा तरी ऐकू येऊ देत.”

“ऐकू येऊन काय ऐकणार? फाटक्या बुटांची फटफट!” दौलत हसला, पण शिकला. मात्र ही शिकवणी पागेच्या अंगणात जागेवर उभे राहून झाली. चालून कोणी पाहिले नाही. त्या आठ मात्रांत काय ऐकू येईल, हा प्रश्न कोणाला पडला नाही. बाजाला ती जागा नेमकी सापडेना, म्हणून दौलतनेच पंतांना सांगितले की वस्तादांना दसऱ्याला पुढे चालू द्या, त्यांचा हात दिसला की आम्हाला कळतं. पंतांनी मान डोलावली.

दसरा उजाडला. सोनमाळावर मांडव घातला होता. मधोमध साहेब, शेजारी बालराजे, त्यांच्या मागे पंत. पलीकडे गाव उभे होते. गावाला यायची सक्तीच होती असे म्हणतात. देवळापासून बाजा निघाला. पुढे येसबा, मग ढोल-बिगूल, मग पलटण, आणि सगळ्यांत मागे एकवीस गडकरी, पायांत बेड्या आणि बेड्यांतून ओवलेली एकच लांब साखळी.

चाल उठली. लोकांनी ती ओळखली, पण नाचाची चाल कुचाला म्हणून कोणी बोलले नाही. तिसरी ओळ संपली. येसबाचा हात वर गेला, मूठ मिटली. बाजा थांबला.

माळावर धूळ होती. पलटणीचे बूट धुळीत नुसते धपधप बुडत होते. पण मागून साखळीचा आवाज आला. खळखळ, पुढे-मागे, कसाही. येसबाने चमकून मागे पाहिले. मूठ उघडली, बाजा सुरू झाला.

दुसऱ्यांदा जागा आली. या वेळी मागून आवाज आला तो कसाही नव्हता. एक पाय मात्रेवर पडत होता. नगाऱ्यावर वाढलेला एक माणूस त्या साखळीत होता, आणि ती जागा त्याच्या कानात लहानपणापासून होती. कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे त्याला कोणी सांगायला नको होते.

तिसऱ्यांदा जागा आली तेव्हा एकवीसच्या एकवीस जणांचे पाय एकदम पडले. आठ वेळा. लोखंड घुंगरांसारखे वाजले. गावातून हूं की चूं निघाले नाही. बायकांच्या घोळक्यात ठकू होती. तिने म्हणे आठही मात्रा बोटांवर मोजल्या.

आपट्यापाशी बाजा वळत असताना पंतांचा शिपाई धावत आला. “ती जागा भरा,” त्याने येसबाला सांगितले. “परतीला तिथं ढोल वाजला पाहिजे. पंत म्हणतात, पोरगं घरी न्यायचं असलं तर ढोल वाजला पाहिजे.”

येसबाने क्षणभरही विचार केला नाही, हे घडशांच्या घरात आवर्जून सांगतात. तो दौलतकडे वळला. “आता मी मूठ मिटणार नाही. हात वर येणार नाही. तुम्ही वाजवत राहायचं.”

“वाजवत राहतो,” दौलत म्हणाला. तो आता हसत नव्हता.

बाजा परत फिरला. वळणामुळे पलटण आणि कैदी समोरून येत होते. बाप-लेक एकमेकांपासून दोन हातांच्या अंतरावरून गेले. रायाजीने बापाकडे पाहिले. फडात गोधडीवरून बघायचा तसे, असे सखोबा म्हणाले. पण हे त्यांना कोणी सांगितले असेल? असो. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. येसबा मनाशी घोकत होता : भरायची, भरायची, रायाजी घरी येणार, भरायची. तिसरी ओळ चढली, शेवटच्या सुराला पोचली.

आणि त्याचा उजवा हात वर गेला आणि मूठ मिटली.

बाजा थांबला. दौलतने काठी हवेत धरली. मागून एकवीस पाय पडू लागले. येसबाने आपल्या मुठीकडे पाहिले. ती उघडायचा त्याने प्रयत्न केला, असे तो पुढे सांगत असे. पण ती मूठ तीस वर्षे आठव्या मात्रेला उघडत आली होती. ती आठव्या मात्रेलाच उघडली.

चालीच्या पुढच्या फेरीला त्याने डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून ठेवले. ढोल वाजत राहिले, जागा भरली गेली, साखळी बुडाली. पण मांडवात पंतांची जागा रिकामी होती. ते उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैदी निघाले. नदीच्या उतारापर्यंत गाव त्यांच्या मागे गेले. येसबा गर्दीतून वाट काढत साखळीजवळ पोचला. त्याला एकच सांगायचे होते : पोरा, मी ती जागा भरणार होतो. हातानं दगा दिला.

पण रायाजीच आधी बोलला. “आबा,” तो म्हणाला, “काल तुम्ही आपल्या घराण्याचं वाजवलंत.” आणि बेडी घातलेला तो माणूस सगळ्यांच्या देखत बापाच्या पायाशी वाकला. साखळी ओढली गेली म्हणून शेजारच्यालाही वाकावे लागले.

शिपायांनी हाकले. नाव पलीकडे गेली.

ज्या एका माणसाला खरे सांगायचे होते, त्याला सांगता आले नाही. उरलेल्या सगळ्यांना त्याने सांगितले. दारात येणाऱ्या प्रत्येकाला. “मी भरणार होतो,” तो म्हणे, “दौलतला विचारा.” दौलतही सांगे, होय, वस्तादांनी तसंच सांगितलं होतं. लोक ऐकत, एकमेकांकडे पाहत आणि त्याच्या पाया पडत. केवढा मोठा माणूस, म्हणत, देशासाठी पोर दिलं आणि वर कबूल करायला तयार नाही. पंतांनीही येसबाने ते हेतूनेच केले असे धरून त्याला वर्षभर गावाबाहेर काढले. म्हणजे राजवाडा आणि गाव, दोघांचे याबाबतीत एकमत होते. येसबा एकटा पडला.

ठकूने मात्र विश्वास ठेवला, असे सांगतात. “तुम्ही भरणारच होता,” ती म्हणाली. “मला ठावं हाय. मी असते तरी भरली असती.” त्याला म्हणे तेवढाच आधार होता.

वर्षाने तो परत आला तेव्हा दसरा जवळ होता. पंतांची बदली झाली होती आणि गावाने परस्पर ते कूच बसवले होते. पुढे चालायला त्याला बोलवायला आले. येसबाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “वाजवा. नको म्हणायचा मला हक्क नाही, रायाजीचा पाय आहे त्यात. पण पुढं जो चालेल त्याचे हात बांधा. हाताचा भरवसा नाही.” आणि स्वतःचे हात त्याने मागे धरले. ठकूने आपल्या लुगड्याचा तांबडा काठ फाडून ते बांधले. त्या दिवशी बाजाला खूण करायला कोणी नव्हते. तरी तिसऱ्या ओळीनंतर बाजा आपोआप थांबला, कारण मागून चालणारे सगळे गाव त्या जागी पाय जोराने टाकत होते. येसबा पुढे चालत होता. त्या जागी त्याच्या हातांवरचा तांबडा काठ ताणला जात होता, असे मागून पाहणाऱ्यांनी सांगितले आहे.

त्यानंतर तो नऊ वर्षे जगला. चाल एकही बांधली नाही.

पाहुण्यांतल्या एकाने तेव्हा विचारले होते, “पण सखोबा, आतून त्याला भरायची नसेलच. हात का उगाच उठतो?”

सखोबांनी त्या गृहस्थाकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले. “साहेब, तुम्ही सकाळी उठून चष्मा शोधता. डोळ्यावर असला तरी शोधता की नाही? मग त्यात आतलं काय आणि बाहेरचं काय? येसबानं नऊ वर्षं हाच विचार केला आणि त्याला कळलं नाही. तुम्ही एस.टी. सुटायच्या आत सांगता होय?” मग ते थोडे नरमले. “पोर मात्र गेलं. हात उठला नसता तर घरी येणार होतं. एवढं खरं.”

आजही दसऱ्याला सोनमाळावर येसबाचे कूच वाजते. आजही पुढे चालणाऱ्याचे हात तांबड्या रुमालाने बांधतात, आणि तो मान घडशांच्या घराला आहे. आजही तिसऱ्या ओळीनंतर आठ पावले बँड गप्प राहतो, आणि पाहुण्यांना पुस्तिकेतलीच हकिकत सांगितली जाते. ती सांगणाऱ्यांना दोष देता येत नाही. ती ऐकताना माणसे ताठ उभी राहतात. सखोबांची ऐकून सगळे बराच वेळ बसून राहिले होते.

सखोबा गेल्यानंतर पाच-सहा वर्षांनी वेळूगड संस्थानचे जुने कागद दप्तरखान्यात पाहायला मिळाले. मोडीतल्या कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे होते, वाचायला दिवस गेले. त्यांत बंदरावरच्या अंमलदाराला पाठवलेल्या पत्राची नक्कल आहे : सोबतच्या यादीतले एकवीस असामी बोटीवर चढवावेत, यात फेरबदल होणार नाही. खाली अप्पाजीपंतांची सही. यादीतले अकरावे नाव रायाजी बिन येसबा घडशी, नगारजी. अक्षर नीट लागले नसेल अशी शंका येऊन तारीख दोन जाणकारांना वेगवेगळी दाखवली. दोघांनीही तीच वाचली. आश्विन शुद्ध सप्तमी. दसऱ्याच्या तीन दिवस आधीची.